माग

सोलापुरात माग म्हटलं की माणसं कान देतात,
खटक-खटक कुठल्या बोळातून येतंय ते ऐकतात.
आमच्यात माग म्हटलं की खाली बघायचं.
मुरमात उमटलेला खूर,
टोकं फाकलेली, म्हणजे पळत होती.
कडा ढासळल्यात, म्हणजे कालची.
खुरात मुंगीची वाट पडली असेल
तर घरी जा, उपाशी नीज.

माझा आजा लिंबाऱ्या दोन्ही मागांवर राबला.
आधी नान्नजच्या माळावर, गाईच्या आडोशानं,
तिच्या पायांबरोबर आपले पाय टाकत,
ती चरली की थांबत,
कळपापासून दहा हातांवर तातीचे फास रोवत.
मग सरकारनं त्याला तारेच्या आत घेतला.
तीन वेळा हजेरी, आणि दिवसभर गिरणी.
एवढ्या आवाजात काय ऐकायचास, मी विचारलं.
म्हणाला, तित्तर.
साच्याच्या मागं कुठंतरी एक तित्तर ओरडायचा.
नव्हता, पण ओरडायचा.

धागा तुटला की तो फाशाची गाठ मारायचा,
ओढाल तितकी आवळणारी.
जॉबरनं आधी आईवरनं शिव्या दिल्या,
मग महिन्याभरानं बाकीच्यांना म्हणाला,
बघा बे, याच्यासारखी मारा.
त्या चादरी गेल्या कुठं कुठं.
कुणीतरी पांघरून निजलं असेल,
पोटावर हरणाची गाठ घेऊन.

मला त्यानं एकदाच नेलं.
सात वर्षांचा होतो.
हिवराखाली पालथं पाडून ठेवलं, म्हणाला,
श्वास गवताबरोबर घे.
कुसळं पोटात घुसत होती.
हरणी फासात आली तेव्हा ओरडली नाही,
नुसती बसली, जणू बसायचंच होतं तिला.
आज्यानं तिच्या डोळ्यांवर आपलं मुंडासं टाकलं.
पुढचं सांगत नाही.
मांस गोड होतं. खोटं कशाला बोलू?

आता मी वनखात्याचा रोजंदार.
खाकी शर्ट आहे, चप्पल स्वतःची.
शहरातनं दिवे लावून जीप येते कधी रात्री,
धाडकन वाजतं,
आणि सकाळी पोलीस आमच्या पालावर येतात.
मी टायरचा माग दाखवतो.
साहेब म्हणतात, टायर काय सांगतो बे?
सगळं सांगतो साहेब,
फक्त तुम्ही खाली बघत नाही.

वैशाखी पुनवेला पाणवठ्यावर मोजणी होती.
मचाणावर माझ्यासोबत कॉलेजची पोरगी,
मानसा बोद्धूल, पूर्व भागातली.
घरात सहा यंत्रमाग, दोन बंद.
तिच्याकडं दुर्बीण, माझ्याकडं रजिस्टर.
मध्यरात्रीपर्यंत एक कोल्हा, दोन ससे,
आणि डुकरं, ती मोजायचा तिला कंटाळा आला.
माझी बोटं रिकामी राहत नाहीत,
टॉवेलाच्या दशा गाठत बसलो होतो.
तिनं बॅटरी हाताआड धरून बघितलं.
अय्यो, ही तर आमची गाठ,
आजीनं शिकवलेली, तिला तिच्या सासऱ्यानं,
जुन्या गिरणीतली.
मी हं म्हणालो.
वारा पाण्याकडून आमच्याकडं होता, बरा होता.

पहाटे चांदणं पातळ झालं तेव्हा एक हरणी आली.
एकटीच, पोटानं जड.
पाण्यापासून दहा हातांवर थांबली.
दहाच. मी न मोजता मोजले.
मानसाचा श्वास अडकला,
माझा गवताबरोबर चालू होता,
आणि उजव्या हातात टॉवेलाची दशी
आपोआप आवळत गेली.
हरणीनं मान वर केली.
मचाणाकडं नाही, माझ्या हाताकडं बघितलं,
असं मला वाटलं.
मग वळली, तरवडात गेली,
पळाली नाही, चालत गेली.

काका, मानसानं कुजबुजत विचारलं,
आली, पण प्यायली नाही.
हिला धरायचं का?

धरायचं, हा शब्द तिनं मोजणीसाठी वापरला होता.
मी पेन उघडलं.
रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.