नळी क्रमांक सात

वडगावच्या मागं, मागांचा खडखडाट जिथं विरतो,
तिथं हे तळं. आम्ही रंगतळं म्हणायचो.
बसलिंगाप्पा म्हणतो केरे, नुसतं केरे.

ट्रकच्या दोन ट्यूबा, वर फळी, फळीवर मी
आणि दीड मीटरची पारदर्शक नळी.
"सावकाश, बाई. केसरू ओढून घेतंय,"
काठावर दोरी धरून तो सांगतो.
नळी आधी लोण्यात सुरी जावी तशी जाते,
मग अडते. मग अंगाचं सगळं वजन टाकायचं.
वर ओढली की सडक्या अंड्यांचा वास,
आणि बसलिंगाप्पा नाकाला टॉवेल लावून हसतो.

प्रयोगशाळेत आडवी निजवून
एकेक सेंटिमीटर कापत गेले.
वरचं कालपरवाचं : शेवाळ, शाम्पूची पुडी.
मग काळं. मग राखी.
बावीस वर्षांत निम्मं होणारं शिसं,
सावकाराच्या उलट्या व्याजासारखं,
त्यावरून थरांची वयं काढायची.
साठाच्या आसपास सिझियम :
कुणी कुठल्या आभाळात बॉम्ब फोडले,
त्याची धूळ इथं म्हशींच्या पाण्याखाली.

आणि एकतीसवर क्रोमियम.
अनोळखी माणूस आल्यावर कुत्रं उठावं
तशी आलेखाची रेघ उठलेली.
शिशाच्या हिशोबानं साल शहाऐंशी.

बाबांना ती चकती दाखवली, बशीत, काचेखाली.
मोतीबिंदू झालाय, तरी खिडकीशी घेऊन गेले.
"काळा न्हवं हा. बाटलीहिरवा.
अठ्ठ्याऐंशीची दिवाळी. हुबळीची ऑर्डर, चारशे लुगडी.
रंग बसंना, म्हणून बायक्रोमेट दुप्पट घातलं.
उरलेलं पाणी..."
हात खिडकीबाहेर गेला, तसाच राहिला.
मग म्हणाले, "त्याच सालात तुला साळंत घातली की."

शिसं दोन वर्षांनी चुकलं होतं.
मी पेन्सिलीनं साल दुरुस्त केलं.
शेवटचा रकाना आहे : प्रदूषणाचा स्रोत.
तिथं सगळे जण 'अनिश्चित' लिहितात.
मी अजून काहीच लिहिलेलं नाही.

मान वर केली तर काच बाजूला,
चिमूटभर गाळ अंगठ्यावर घासून
बाबा बघत होते, पक्का आहे का.
"हात धुवा आधी!" मी ओरडले, साबण दिला.
धुतले. पुन्हा धुतले.
अंगठा उजेडाकडं धरून म्हणाले,
"बघ. सुटतोय कुठं?"