येती

नाव ऐकून मामंजींनी दोनदा विचारलं,
कोण येती?
कुणी नाही, कुत्रा आहे. नावच ते.
बर्फात कुणी केसाळ माणूस राहतो म्हणे, त्यावरून.
बर्फातला माणूस हळदोण्यात कशाला, ते म्हणाले
आणि कण्हत कुशीवर वळले.

नंबियार नवराबायको कूनूरला गेली, पंधरवड्यासाठी.
माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, चार पानी यादी:
एसी वीसवर. पाणी गाळलेलं.
फिरवून आणायचं ते उजाडायच्या आत.
यादीत विजेविषयी काही नव्हतं.
तिसऱ्या दिवशी दुपारी वडाकडचा ट्रान्सफॉर्मर
एकदाच मोठ्यानं खोकला, आणि गेला.

बंद काचांच्या त्या बंगल्यातून
पंचावन्न किलोचा जीव मी दोरीनं ओढत आमच्याकडे आणला.
चालेना. दर दहा पावलांवर बसे.
धाप अशी, की ओल्या फणसाच्या खोडात
कुणी करवत घातलीय आणि ती निघत नाही.

मी कात्री घेतली.
डॉक्टर प्रियोळकर स्कूटरवरून उतरता उतरताच ओरडले,
ठेव ती, सुलक्षाबाय!
ही लोकर नव्हे, छप्पर आहे त्याचं.
कौलं उतरवलीस तर ऊन थेट माजघरात.
आतली जळमटं तेवढी काढ.

मग गोठ्यातला जुना खरारा.
म्हैस विकून सहा वर्षं झाली, खरारा खुंटीलाच होता.
एक गोण भरली करड्या मऊ केसांनी,
तरी कुत्रा तेवढाच.
आगुस्तीनची बायको म्हणाली, उशी कर.
त्याआधीच बुलबुलांनी निम्मी नेली.

पाणी पाठीवर नाही ओतायचं.
पोटाला, पंजांना, जांघेत. विहिरीचं, ताजं.
मी एक कळशी त्याच्यासाठी ओढते, एक मामंजींसाठी.
त्यांच्याही पाठीला हल्ली चट्टे उठतात.
फडकी दोन वेगळी आहेत. पिळणारा हात एकच.

अकरा वाजता पेद्रूचा भोंगा.
बांगडे संपले की खोक्यातला तळाचा बर्फ तो मला देतो,
गुलाबी झालेला, खवले चिकटलेला.
येती तो पुढच्या दोन पंजांत धरून चाटतो,
डोळे मिटून, घशात काहीतरी पुटपुटत.
सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही.
मासळीचा बर्फ चालतो का, हे कुणाला विचारणार?
विचारलं नाही.

मामंजी बोटीवर होते, एकतीस वर्षं.
या घरात बर्फ पडताना पाहिलेला माणूस तेवढा एकच.
येतीचा जन्म लुधियानाचा, पावतीवर लिहिलंय.
त्याला ते सांगत असतात:
हॅलिफॅक्सला डेकवर लाटेचं पाणी उडालं की तिथंच गोठायचं.
आम्ही लाकडी हातोडे घेऊन फोडत सुटायचो,
नाहीतर बोट वजनानंच कलंडली असती. कळलं?
येती कान हलवतो. माशीमुळे असेल.

पंधरवडा होऊन बारा दिवस झाले.
फोनवर नंबियारबाई म्हणते, येतोय, येतोय,
इकडे काय सुंदर हवा आहे.
फोन मी येतीच्या कानाला लावला.
त्यानं तो चाटला.

काल रात्री पुन्हा काळोख. पानसुद्धा हलत नव्हतं.
न्हाणीच्या चिऱ्यावर निजलेला तो
कधी उठला ते कळलं नाही.
ओल्या पोटाचा पट्टा जमिनीवर उमटवत
मामंजींच्या खाटेखाली जाऊन पडला.
त्यांचा हात खाली लोंबत होता,
तो मनगटापर्यंत त्याच्या मानेत बुडाला.
गार आहे गो, ते म्हणाले. ओलं.
मग बऱ्याच वेळानं, झोपेत, कुणाला तरी:
फोड, फोड, उजवीकडचा राहिला.

तीनला वीज आली. पंखा, आणि विसरलेला दिवा, दोन्ही एकदम.
मी दिवा तेवढा घालवला.
पेद्रूला उद्या थोडा जास्त सांगायला हवा.