पंचवीसवरून अठ्ठावीसवर

क्लाक्सविकमध्ये नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवस आटोपतो.
सुन्व्हा तळघरात उतरते. बटाट्यांच्या पेटीशेजारी
गावाचा सर्व्हर घुमत असतो,
बुटांच्या खोक्याएवढा,
त्याच्या उबेवर कुणीतरी वाळत टाकलेला एकच हातमोजा.

काय नाही त्यात?
मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांची नोंदवही,
गायकवृंदाची एकवीस वर्षं,
बुडालेल्या होडीच्या विम्याचे कागद,
आणि योग्वानने रोज सकाळी लिहिलेला वारा:
दिशा, जोर, कधी नुसतंच ‘आज नको’.
योग्वान गेला. वारा फोल्डरमध्ये आहे.

आवृत्ती पंचवीस. तिची डागडुजी आता कुणी करत नाही;
खिडकीची कडी मोडलीय
आणि हे रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक.
अठ्ठावीसवर जायचंय, पण उडी मारून नाही.
मधली पायरी गाळली
तर कोष्टकं एकमेकांना ओळख देत नाहीत.
सव्वीस. मग सत्तावीस. मग.

‘दाब ना बटण एकदाचं!’ पुतण्या बार्दूर वरून ओरडतो.
त्याची मॅच सुरू व्हायचीय.

ती दाबत नाही.
आधी जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवून बघते,
आहे का एवढंच नव्हे,
उठून चालतो का.

अकरा मार्चपर्यंत चालतो.
पुढच्या प्रत्येक रात्रीची फाइल आहे,
नाव बरोबर, तारीख बरोबर,
वजन शून्य.
आठ महिने रोज पहाटे तीनला
यंत्र इमानेइतबारे
रिकामी पिशवी खुंटीला अडकवत होतं.
डिस्क भरली होती. मार्चात तिनेच
बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ ओतला होता तिच्यात.

इथे म्हशी नाहीत, नाहीतर सांगितली असती तिला
भरवशाच्या म्हशीची आणि टोणग्याची गोष्ट.
ती हातमोजा उचलते. परत ठेवते.

योग्वानने शेवटचा वारा लिहिला दोन सप्टेंबरला.
म्हणजे त्याचा अख्खा शेवटचा उन्हाळा
या एका खोक्यात होता, आणि कुठेच नव्हता.

मग ती गावाला दार लावते: ‘देखभाल सुरू आहे.’
रास्मिनाचा फोन येतो, फोटो उघडत नाहीत.
‘सकाळी,’ म्हणते सुन्व्हा.
दोन नव्या डिस्क. एक लोकरी टोपीत गुंडाळून
बार्दूरच्या हाती, वरच्या गल्लीतल्या घरी,
कारण हे छप्पर याआधी एकदा उडालंय.
मॅच त्याची बुडाली. कुरकुरला, पण गेला.

पुन्हा उतरवून बघते. एकोणीस जून उघडते:
नैऋत्य, सात. आज नको.

सव्वीस सरळ गेलं.
सत्तावीसला पिवळी अक्षरं आली,
ती तिने दोनदा वाचली, कॉफी थंड झाली.
अठ्ठावीस, दोन वाजून चाळीस मिनिटांनी.
दार उघडलं. सगळे झोपलेले.

तरी ती जिना चढली नाही.
तीन वाजू दिले.
नवी फाइल. वजन: एकशे बारा जीबी.

हातमोजा केव्हाच वाळला होता.
त्याचा जोडीदार कुठे आहे, विचारायला हवं कुणाला तरी.