पान दोनशे बारा

हडर्सफील्डच्या चॅरिटी दुकानात
पन्नास पेन्सला एक, अशी
आर. ऑलरेनशॉ यांची पुस्तकं.
शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं
बारीक अक्षरात निकाल, खाली तारे:
‘यान झकास. माणसं पुठ्ठ्याची.’
‘चंद्र दोन, मग भरती एकच कशी?’
‘ड्रॅगन उगाच.’

मी त्याखाली मराठीत भांडते:
उगाच काय हो,
तो एकटाच तर खरं बोलतो.

काल मिळालेल्या पुस्तकात
दोनशे बारा पानावर बसचं तिकीट,
मार्चमधलं.
शेवटचं पान कोरंच.

रात्री दोनला संपवलं.
पेन्सिलीला टोक काढून लिहिलं:
यान पोचतं.
माणसं या वेळी हाडामांसाची.
भरतीचा हिशेब मात्र
पुन्हा चुकलाय.
तुम्ही अख्खा तारा कापला असतात.
मी अर्धाच कापलाय.