नमुना क्रमांक सतरा

ऐरोलीत, कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत
एकशे पन्नास अंशांवर एक भट्टी
एकोणीस वर्षं चालू आहे.
माझं काम सांगायला सोपं:
वस्तू लवकर मारायच्या,
म्हणजे त्या किती जगल्या असत्या ते कळतं.
दर दहा अंशांना आयुष्य निम्मं.
हिशेब ढोबळ, पण त्यावर प्रबंध उभे राहतात.

आई विचारायची, "मोडक्या वस्तूंचे पैसे देतात तुला?"
हो म्हणायचे. अनुदान मात्र
काही मोडण्याआधीच संपायचं.

शुक्रवारी वीज जायची.
मढवीमामा जनरेटरशी आगरीत भांडायचे,
मग भट्टीच्या झाकणावर डबा ठेवायचे.
माझ्या निदान तीन शोधनिबंधांना सुकटीचा वास असणार,
कुणा परीक्षकानं तसं कळवलं नाही.

एक गोष्ट शिकायला अकरा वर्षं गेली:
ट्रान्झिस्टरवरचा ताण काढला
की तो सावरू लागतो, पापणी लवायच्याही आत.
क्षणभर उशिरा मोजलं
तर जखम भरल्यासारखी दिसते.
अकरा वर्षं मी उशिरा मोजत होते.
अच्युत गेला तेव्हा फोनवर "बरी आहे" म्हणाले,
ते किती वेळानं म्हणाले
याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

वीस नमुने घातले होते.
तीन पहिल्याच आठवड्यात गेले.
आमच्याकडे त्याला बालमृत्यू म्हणतात;
मी शब्द बदलून पाहिला, रुजला नाही.
बाकीचे आपापल्या वेळी, रेघेवर, शहाण्यासारखे.
सतरा मेलाच नाही.
जो मरत नाही त्याला आलेखावर ठिपका मिळत नाही,
उजवीकडे रोखलेला बाण मिळतो:
इथवर पाहिलं, पुढचं ठाऊक नाही.

एकतीस तारखेला खोली रिकामी करायची.
नव्या प्रयोगशाळेच्या खुर्च्या दारात उभ्या,
प्लास्टिकही न काढलेल्या.
मामांच्या जागी आता त्यांचा मुलगा, हर्षल.
स्विचवर बोट ठेवून म्हणतो, "मॅडम, करू बंद?"

थांब. आधी मोजू दे,
ताण न काढता.

उंबरठा चौदा मिलिव्होल्ट सरकलाय.
एकोणीस वर्षांत एवढंच.
वहीत लिहिते, तारीख घालते, बाण काढते,
मग मान हलवते.

भट्टी निवायला चार तास लागतात.
हर्षल झाकणावर डबा ठेवतो.
तेवढ्यात होईल गरम.