सात मिनिटांची बॅटरी

पहिल्या दिवशी ते उडालंच नाही.
चारही पंखे फिरले, धूळ उठली
आणि उलटं पडलं,
पाठीवर पडलेल्या भुंग्यासारखं करकरत.
स्रवंती म्हणाली, "मामा, पंखे चुकीचे बसवलेत.
दोन इकडून फिरायला पाहिजेत, दोन तिकडून.
चौघं एकाच बाजूनं फिरले तर
ते बसतंय की स्वतःभोवती गरगरत."

तीस वर्षं मी मागावर जॉबर होतो.
खडखडाटात उभं राहून सांगायचो
कुठल्या मागाचा पट्टा सैल झालाय.
आणि आता बोटाच्या पेराएवढी मोटर,
स्क्रू असा, की चष्मा काढून
नाकाशी धरावा लागतो.

घरावरून उडवायचं नाही.
मोबाईलच्या नकाशात होटगी रोडच्या विमानतळाभोवती लाल रंग,
त्या लालात आमची गल्ली,
यल्लाप्पाची गच्ची, गच्चीवर वाळणाऱ्या शेवया.
लाल म्हणजे लाल, स्रवंती म्हणते.
म्हणून रविवारी उजाडायच्या आत स्कूटरवर दोघं,
तुळजापूर रस्त्यानं, हिप्परग्याच्या पुढं, माळावर.
पिशवीत चार बॅटऱ्या, जास्तीची पाती,
शेंगाचटणी आणि कडक भाकरी.
पातं काय, भाकरी काय, दोन्ही तुटतात.
भाकरी तुटली तर खाता येते.

धूळ मोटरीत जाते म्हणून चादर अंथरली,
आमच्याच कारखान्याची, शेवटच्या लॉटमधली,
काठाला एक धागा चुकलेली.
कुणाच्या हातून चुकला, ते जाऊ दे.
वाऱ्यानं चादरीचं टोक उचललं,
ते पंख्यात गेलं. दोन पाती खलास.
पुढच्या खेपेला चार कोपऱ्यांवर चार दगड.
सोबत आलेल्या पुस्तिकेत हे नव्हतं.

मग एका रविवारी ते उभं राहिलं.
छातीच्या उंचीवर, डुलत, सरकत,
पण हवेत उभं.
डाव्या काठीवर अंगठा कसा ठेवायचा
ते मला कुणी शिकवायला लागलं नाही:
ताणा तपासताना बोट ठेवतो तसा.
दाबायचं नाही.
सोडायचंही नाही.

खरी गंमत पुढं आहे.
त्याचं तोंड आपल्याकडं वळलं
की डावं उजवं होतं, उजवं डावं.
इथंच सगळे पडतात म्हणे.
मी बाभळीत घातलं.
दोनदा. एकाच बाभळीत.
धोटा जन्मभर या काठावरून त्या काठावर गेला,
पण त्याची दोन्ही टोकं सारखीच,
तोंड कुठलं हा प्रश्नच नव्हता.
"तुम्ही त्याच्या आत बसलाय असं समजा," ती म्हणते.
मी स्वतःला उचलतो, तिकडं नेऊन ठेवतो.
वेळ लागतो.
अठ्ठावन्न वर्षांचं वजन आहे.

बिराप्पा मेंढरं घेऊन आला, थांबला.
"फोटो काढतंय काय?"
कॅमेरा नाही यात.
"औषध मारतंय?"
नाही.
"मग करतंय काय बे ते?"
स्रवंती म्हणाली, "उडतंय की."
तो खाली बसला, चटणी मागून घेतली,
अख्खी एक बॅटरी संपेपर्यंत बघत राहिला.
मेंढरं मात्र पार लांब गेली होती.

नऊ वाजले की माळ तापतो,
हवा पातळ होते, काठी जास्त रेटावी लागते,
सात मिनिटांची पाच होतात.
चौथी बॅटरी माझी एकट्याची.
स्रवंती चप्पलेतला काटा काढत बसलेली.
मी ते लांब नेलं, वळवलं,
समोरासमोर आणलं.
ते झुकलं, तसा मीही झुकलो,
अंगाचा काही उपयोग नसताना.
बीप वाजायला लागली. उतरवलं.
चादरीवर नाही, दगडावर.

"बघ," मी ओरडलो, "डावीकडच्या दगडावर उतरलं!"
"कुणाच्या डावीकडच्या?"
तिनं मान वर न करताच विचारलं.