हेसाबू

टेबलावर आफ्रिका उघडली
तेव्हा कोपऱ्यांवर ठेवलं
लोणच्याची बरणी, कुलरची जळालेली मोटर, निरूचा कंपास
आणि चौथ्यावर काही सापडेना, म्हणून प्रशिकचं कोपर.
तो उठला की केपटाऊन गुंडाळलं जायचं.

मे महिना. नारी रोड. बाहेर सेहेचाळीस.
ओल्या वाळ्याचा वास नामिबियावरून वाहतोय.

निरूनं स्केचपेननं मोंबासापासून रेघ मारली,
सरळ खाली, नद्या-बिद्या न बघता.
"झालं," म्हणाली. "निघायचं?"
आठ वर्षांची आहे.
नकाशा आणला तेव्हा चारची होती,
झांबियावरचा दुधाचा डाग त्या वर्षाचा.

मलेरियाची गोळी वजनावर असते.
मुलांची: वीस किलोपर्यंत एक, पुढे दोन.
म्हणून दर दिवाळीला तिला
कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर उभी करते,
गव्हाच्या कट्ट्याशेजारी.
वहीत नोंद आहे. चौदा. साडेसोळा. एकोणीस.
यंदा बावीस.
पैसे इतक्या वेगानं वाढले नाहीत.

रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं.
कोषागारातले उमाळेसाहेब म्हणाले,
"मॅडम, तीर्थयात्रा लिहा, लगेच होते."
मी लिहिलं, प्रवास.
अर्ज अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे,
एका देवाच्या फोटोला टेकून.

मेश्रामकाकू कुंपणावरून विचारतात,
"लेकराले घेऊन तिकडं? काहून वो?
ताप असते म्हणे तिथं, मच्छरं असते म्हणे,"
आणि बोलता बोलता दंडावर चापट मारतात.
मागच्या पावसाळ्यात डेंग्यूनं
त्यांच्या प्लेटलेट वीस हजारांवर आल्या होत्या,
इथंच, पिंपळाखालच्या दवाखान्यात.

वरच्या खोलीत नीमा राहते. मोरोगोरोची.
फार्मसीचं तिसरं वर्ष.
रात्री वीज गेली की जिन्यात बसून
निरूला तिची भाषा शिकवते
आणि निरू चिडते, की ही तर आपलीच आहे!
दुकान, डुका. गाडी, गारी.
आंबा, एम्बे. विमा, बीमा.
हिशेब, हेसाबू. चपाती तर चपातीच.
"मग संत्रं?"
"चुंग्वा."
हा एक तरी परका निघाला म्हणून निरू इतकी खूश
की फ्रीजमधल्या संत्रा बर्फीलाही आता
चुंग्वा म्हणूनच हाक मारते.

मी नीमाला माझी वही दाखवली.
पान अकरा: मूल गर्दीत हरवलं तर.
पान बारा: रात्री ताप चढला तर.
पाणी कुणाकडे मागावं.
लोक कसे असतात.
ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.
म्हणाली, "माझ्या आईची पण अशीच वही होती,
मी नागपूरला निघाले तेव्हा.
ताप आला तर. पाणी कसलं. लोक कसे असतात."

"मग? लोकांचं काय कळवलंस तिला?"

नीमा कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिली.
सात घरमालकांकडे फोनवर खोली रिकामी होती
आणि दारात पोचेपर्यंत भरली.
आठवे आम्ही.
आणि खरं सांगायचं तर
आम्हीही एक रात्र मागून घेतली होती. विचार करायला.

"कळवलं," ती म्हणाली, "की ऊन फार आहे."

वीज आली. कुलर घरघरला, नकाशा उडाला.
नीमानं चौथ्या कोपऱ्यावर तळहात ठेवला,
मग दुसऱ्या हाताचं बोट रेघेच्या बाजूला, नुसत्या कागदावर.
"इथं आई राहते. नकाशात नाही.
तुमची रेघ लांबून जाते."

स्केचपेन पुसत नाही.
निरूनं रेघेला पोट काढलं, चांगलं मोठं,
आत घर, घराला दार,
दारात एक बाई, हातात वही.

अंगणात बोलेरोखालून प्रशिकचे फक्त पाय दिसतात.
"किती किलोमीटर वाढले?" तो ओरडतो.

निरू पट्टी शोधतेय.